लॉबीत पडलेला पाय

ताई, सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवीपासून कबड्डी खेळते, रेडर आहे, म्हणजे चढाई करणारी. गेल्या महिन्यात आमच्या भागात एक निमंत्रित स्पर्धा झाली, तिच्या फायनलबद्दल लिहितेय. शेवटची चाळीस सेकंदं राहिली होती, स्कोअर 29-29. त्याआधी माझी घोट्यात पकड झाली होती, म्हणून मी चार मिनिटं बाहेर बसून स्कोअरबोर्डकडे बघत होते. आमच्या कॉर्नरने, म्हणजे बचावात टोकाला उभ्या असणाऱ्या मुलीने, त्यांची रेडर धरली, बरोबरी झाली, मी जिवंत होऊन आत आले. आमची थर्ड रेड होती, म्हणजे आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, आता गुण आणायचा नाहीतर बाद. सर म्हणाले, तू जा. समोर सहा जणी होत्या. मी उजव्या हाताच्या कॉर्नरवर गेले, ती जराशी पुढे आली, मी मागे सरकले आणि शिट्टी वाजली. माझा पाय लॉबीत, मैदानाच्या कडेच्या पट्टीत, पडला होता. कुणाला हातही लागला नव्हता, म्हणून मी बाद. 29-30. हरलो.

त्याचा व्हिडिओ आमच्या मंडळाच्या ग्रुपवर फिरला. कुणीतरी हसणारं स्टिकर टाकलं. चुलते, आबा, म्हणाले, 'पोरींचं काळीजच तेवढं असतं, ऐन वेळी पाय लटपटायचेच.' सर काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून सरावात माझी नजर सारखी लॉबीच्या रेषेवर जाते आणि मी पकडली जाते. रात्री तीनला जाग येते आणि ती शिट्टी ऐकू येते. तीन आठवड्यांनी जिल्ह्याची निवड चाचणी आहे. ऐन वेळी डोकं शांत कसं ठेवायचं? ती रेड विसरायची कशी? आणि सरांना सांगू का, की मला थर्ड रेडला पाठवू नका म्हणून?

– एक रेडर

अगं पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सल्ला देणारी बाई म्हणून आणि दुसऱ्यांदा, खरं सांगते, जुनी कॉर्नर म्हणून. दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी अडकले. ते लॉबीचं वाक्य नव्हे. 'चार मिनिटं बाहेर बसून स्कोअरबोर्डकडे बघत होते,' हे वाक्य. तू ते जाता जाता लिहून टाकलंयस. माझ्या मते सामना तिथे निसटलाय, लॉबीत फक्त शिट्टी वाजली. पण त्याकडे येतेच. आधी आबांचा हिशोब चुकता करू.

7 ऑक्टोबर 2023, हांगझोऊ, आशियाई स्पर्धांची पुरुषांची फायनल, भारत विरुद्ध इराण. स्कोअर 28-28, मिनिटभराचा खेळ बाकी आणि भारताची थर्ड रेड. रेडला कोण? कर्णधार पवन सेहरावत. प्रो कबड्डीत ज्याच्यावर कोटींच्या बोली लागल्या तो. गेला आणि कुणालाही हात न लागता त्याचा पाय लॉबीत पडला. तुझंच दृश्य, फक्त मॅट जास्त महागाची. फरक एवढाच की इराणचे बचावपटू त्याला बाहेर ढकलायच्या नादात त्याच्या मागोमाग लॉबीत उतरले, आणि मग तेही बाद धरायचे का, जुना नियम लावायचा की नवा, यावर जवळपास तासभर सामना बंद पडला. एकदा निर्णय इकडे, एकदा तिकडे. भारताचे खेळाडू मॅटवर बसून राहिले, मग इराणचे बसले. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने लागला आणि भारत 33-29 जिंकला. आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे त्या संघात होते. आबांना हे सांग आणि विचार, पवनचं काळीज कुणाचं होतं?

तुझ्या मागे मात्र लॉबीत कुणी उतरलं नाही. त्या मुलींनी पाय आवरले. त्याबद्दल त्यांना मनातल्या मनात एक टाळी दे, कारण चाळीस सेकंदं बाकी असताना समोर आलेली रेडर सोडून देणं सोपं नसतं. मला विचार.

विचार म्हणतेय तर सांगूनच टाकते. नव्वदच्या दशकाची सुरुवात, मुंबई, गिरणगावातलं मातीचं मैदान, हॅलोजनचा उजेड. रेषा फक्कीच्या, दुसऱ्या हाफपर्यंत पायांनी पुसट झालेल्या. उपांत्य सामना, आम्ही 18-17 नी पुढे, त्यांची शेवटची चढाई. मला करायचं काय होतं? काहीच नाही. मागे सरायचं, तिला मोकळी परत जाऊ द्यायची आणि फायनलची तयारी करायची. एवढं शहाणपण मैदानाबाहेर शेंगदाणे खात बसलेल्या पोरांनाही होतं. मी तिच्या घोट्यावर झेपावले. घोटा हातात आलाही. मला सावरायला आमची कव्हर, बचावात आतल्या बाजूला उभी असणारी, धावली आणि त्या बाईने आम्हा दोघींना ओढत नेऊन मध्यरेषेवर हात टेकवला. 18-19.

चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी आमचे मास्तर घरी आले. आईने चहा दिला. मला वाटलं, आता समजूत घालतील किंवा झाडतील. त्यांनी आईकडे सात वाट्या मागितल्या. स्टीलच्या, आमटीच्या. स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने मैदान आखलं, वाट्या मांडल्या, रेडर म्हणून कुटाच्या डब्याचं झाकण ठेवलं आणि म्हणाले, 'चल, चालव. पहिल्या पावलापासून.'

मी झाकण सरकवलं. ते दर वेळी थांबवायचे. 'आता तू कुठे होतीस?' इथे. 'नक्की इथे? मग तुझा हात तिच्या घोट्याला पुरला कसा?' मी वाटी पुढे सरकवली. 'बरं. इतकी पुढे कधी आलीस?' ते मला सांगता येईना. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला कुठे उमगलं की त्यांच्या रेडरने मध्यरेषा ओलांडली तेव्हाच मी माझ्या जागेपासून हातभर पुढे उभी होते. का? आधीच्या चढाईत तिची मांडी माझ्या हातातून सुटली होती आणि बाहेरून कुणीतरी 'लोणी लावलंय का हाताला?' असं ओरडलं होतं. मी त्या ओरडणाऱ्याला उत्तर द्यायला पुढे आले होते. झेप पुढची गोष्ट. चूक एक चढाई आधी, दोन चढायांच्या मधल्या वेळात, होऊन बसली होती.

मास्तर एवढंच म्हणाले, 'सापडली,' आणि उठले. आई वाट्यांसाठी खोळंबली होती, जेवायची वेळ झालेली.

आता तुझी चार मिनिटं घे.

घोट्यात पकड झाली, तू बाहेर बसलीस. त्या चार मिनिटांत तुझ्या मनात काय चाललं असेल ते मी इथे बसून सांगू शकते. आधी स्वतःचा राग. मग 'पुढच्या रेडला दाखवते.' मग स्कोअर. मग वेळ. मग पुन्हा स्कोअर. पाय गार पडले. समोरच्या संघात कोण दमलंय, कुठली कॉर्नर आता झेपेची घाई करतेय, कव्हर किती आत सरकतेय, यातलं काहीही तू पाहिलेलं नाहीस, कारण स्कोअरबोर्डवर ते लिहिलेलं नसतं. मग आपल्या मुलीने पकड केली, मैदान दणाणलं आणि तू थेट बाकावरून उठून सामन्यातल्या सगळ्यात जड चढाईला गेलीस. थंड पायांनी, तापलेल्या डोक्याने. व्हायला हवं त्याच्या नेमकं उलटं.

आणि एक गोष्ट तू स्वतःच लिहिलीयस, पण तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. 'समोर सहा जणी होत्या.' अगं, सहा जणी असल्या की बोनस खुला असतो! बोनस रेषेपलीकडे एक पाय, मागचा पाय हवेत, एक गुण, थर्ड रेड वाजवून बाहेर. मी म्हणत नाही की तो सहज मिळाला असता. थर्ड रेडला चांगली कॉर्नर बोनसवर डोळा ठेवूनच असते. पण तुझ्या अख्ख्या पत्रात बोनस हा शब्दच नाही. त्या वेळी तो तुझ्या डोक्यातही नव्हता, पैजेवर सांगते.

ही भित्रेपणाची खूण नाही. ताण चढला की कुणाचीही नजर अरुंद होते. छाती धडधडते, श्वास वर वर चालतो आणि डोळे एकाच गोष्टीला चिकटतात, बाजूचं दिसेनासं होतं. रानात वाघ समोर आला तर ते सोयीचं असेल. महिलांच्या मैदानात मात्र दोन्हीकडच्या लॉब्या सोडल्या तर रुंदी उरते सहा मीटर आणि त्यात सहा-सात जणी पसरलेल्या असतात. तिथे बाजूचं दिसलं नाही की संपलं. तू त्या कॉर्नरला चिकटलीस. बोनसची रेषा, लॉबीची रेषा, पलीकडची रिकामी बाजू, सगळं काळोखात गेलं.

म्हणून 'डोकं शांत ठेव' हा सल्ला मी तुला देणार नाही. मला तो आयुष्यभर मिळाला आणि कधी कामाला आला नाही. डोक्याला शांत हो म्हटलं की ते आणखी चेकाळतं. त्याला काम द्यायचं, रोजचं, ठरलेलं, किरकोळ काम. बाहेर बसलीस की तुझं काम पाय आणि डोळे. बसल्या जागी घोटे फिरवत राहा, टाचा उचल, पोटऱ्या गार पडू देऊ नकोस. डोळ्यांनी समोरच्या दोघीच बघ, दोन्ही कॉर्नर. कोण आधी हलते, कुणाचं वजन पुढच्या पायावर आहे, कोण साखळीचा हात सोडून धावते. स्कोअर बघायचा नाही असं नाही, पण दर पकडीनंतर एकदा, घड्याळ बघतो तसा. बाकीचा वेळ पायांकडे. चार मिनिटांत त्या कॉर्नरची एखादी तरी खोड तुला सापडली असती. प्रत्येकीची असते. माझी होती: झेपेआधी मी डावा खांदा किंचित पाडायची. ते मला एका विरोधी रेडरने निवृत्त झाल्यावर सांगितलं, आणि वर हसली.

मग मध्यरेषा ओलांडायच्या आधीचा क्षण. तिथे आधी श्वास सोड. घेऊ नकोस, सोड, लांब, तोंडाने, पोट आत जाईपर्यंत. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, घेताना वाढतात; हे प्रत्येकाच्या शरीरात आपोआप चालतं, त्याचा फायदा उपटायचा. नंतर जो श्वास आत येईल तो खोल येईल आणि त्यावर तुझा 'कबड्डी कबड्डी' टिकेल. व्हिडिओत आवाज असेल तर ऐक, पहिल्या पाच सेकंदांत तुझा उच्चार चिरका आणि घाईचा झालाय का? झाला असेल तर तू वरच्या श्वासावर गेली होतीस.

2018 साली जकार्तामध्ये, आशियाई स्पर्धांत, आपल्या मुली फायनलमध्ये इराणकडून 27-24 हरल्या, तेव्हा इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी त्या मुलींच्या रोजच्या सरावात योग आणि प्राणायाम आणला होता. आपली विद्या, आपलीच बाई, आणि मार आपल्यालाच बसला. तेव्हा फार चरफडले होते मी. आता वाटतं, बाईंनी आपल्याला फुकटची शिकवणी दिली.

श्वास सोडून झाला की मनात तीन गोष्टी म्हणायच्या, मोठ्याने म्हटल्या तरी चालेल: समोर किती जणी, आज कुणाकडे जायचं, परत कुठून यायचं. 'सहा. बोनस. डावीकडून.' तेवढंच. हे सरावातल्या प्रत्येक चढाईला म्हण, अगदी फालतू चढाईलाही, म्हणजे शेवटच्या मिनिटाला ते आपसूक तोंडी येईल. फक्त थर्ड रेडसाठी राखून ठेवलेली युक्ती थर्ड रेडलाच हमखास विसरते.

समोर सहा जणी असतानाच्या थर्ड रेडचं आणखी एक गणित कागदावर मांडून बघ. रिकामी परतलीस तर तू बाद, त्यांना एक. पकडली गेलीस, तू बाद, त्यांना एक. लॉबीत गेलीस, तू बाद, त्यांना एक. सगळ्या वाईट वाटांची किंमत सारखीच. म्हणजे साध्या चढाईत जपून खेळायला जे कारण असतं, ते इथे उरतच नाही. लोक थर्ड रेडला घाबरतात; मला विचारशील तर सामन्यातली ती सगळ्यात मोकळी चढाई आहे. अर्थात मी कॉर्नर होते, तेव्हा दुसऱ्याच्या चढाईबद्दल बोलणं मला सोपं.

आता लॉबी. 'लॉबीकडे बघायचं नाही' असं तू स्वतःला बजावत असशील. म्हणून तर तिकडे नजर जाते. पायाला कुठे पडू नकोस हे सांगून कळत नाही, त्याला जागा दाखवावी लागते. सरांना विनंती कर आणि दोन आठवडे लॉबीच्या रेषेच्या अर्धा मीटर आत दोन्हीकडे खडूची, नाहीतर चिकटपट्टीची, एकेक रेषा ओढा. सरावात तीच लॉबी. तिथे पाय पडला की बाद, वाद नाही. पहिले चार दिवस तू वीसदा बाद होशील, मुली हसतील, हसू देत. मग पाय आखडते व्हायला शिकतील. चाचणीच्या आधी ती रेषा काढून टाका. त्या दिवशी दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर जास्तीची जागा मिळाल्यासारखं वाटेल, आणि खरंच मिळालेली असेल.

याच्या जोडीला रोज एक चढाई अशी कर जिला दुसरी संधी नाही. सराव संपला, सगळ्या दमल्या, पाणी प्यायला निघाल्या, तेव्हा सरांनी शिट्टी मारायची: एक चढाई, तीस सेकंदं, सगळ्या रेषेभोवती उभ्या, हवा तेवढा कालवा. गुण आणलास तर मॅट त्या गुंडाळणार, नाही आणलास तर तू एकटी. दिवसाला एकच. 'थांबा, पुन्हा करते' म्हणायचं नाही. आपण सरावात शंभर चढाया करतो आणि प्रत्येक फसलेली लगेच पुन्हा करतो; सामन्यात पुन्हा नसते, हे शरीराला माहीतच नसतं. त्याला थोड्या थोड्या मात्रेत ते चाखवायचं. यात तू बऱ्याचदा हरशील आणि मॅटही गुंडाळशील. जड असतात, कमरेला जप.

ती रेड विसरायची कशी, असं विचारलंयस. विसरू नकोस. तू अजून ती धड पाहिलेलीही नाहीस, फक्त शिट्टी ऐकतेयस. फुकट मिळालेला व्हिडिओ आहे, आमच्या वेळी वाट्या मांडाव्या लागायच्या. ग्रुपवरचा घे, ग्रुप म्यूट कर (स्टिकर टाकणाऱ्याला एकदा मध्यरेषा ओलांडायला बोलवायला हरकत नाही, पण ते चाचणीनंतर) आणि दिवसाउजेडी, दार उघडं ठेवून, आवाज बंद करून बघ. पहिल्यांदा फक्त स्वतःचे पाय. दुसऱ्यांदा फक्त ती कॉर्नर. तिसऱ्यांदा त्या दोघी सोडून उरलेलं मैदान. मग वहीत तीन ओळी: मला काय दिसलं, मी काय ठरवलं, काय झालं. तिसरी ओळ लिहायला सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निरुपयोगी. पहिली ओळ अडेल. तिथेच बसून राहा.

प्रत्येक सामन्यानंतर असं कर, जिंकल्यावरही. आणि वही भरताना एक भेद सांभाळ, चूक वेगळी आणि मात वेगळी. तुझी घोट्यातली पकड, मला वाटतं, मात होती: तू नीट गेलीस, तिने नीट धरलं, ती त्या क्षणी सरस. तिथे 'वा' म्हणून पुढे जायचं. लॉबी ही चूक, तुझी तू केलेली. पण झालं असं की तू मातीच्या मैदानावरच्या धुळीसारखी ती मात अंगावर घेऊन चार मिनिटं बसलीस आणि त्यातून चूक उगवली. मात मनाला लावून घेतली की असंच होतं. 2023 ला त्याच हांगझोऊत आपल्याच मुलींची चायनीज तैपेईशी पहिलीच लढत 34-34 बरोबरीत सुटली होती. एरवी ज्यांच्याकडून हक्काचा विजय धरायचा, त्यांच्याशी बरोबरी. तोच संघ फायनलला पुन्हा समोर आला आणि आपण 26-25 नी सुवर्ण जिंकलं. एका गुणाने. पहिल्या लढतीच्या वह्या त्यांनी कशा भरल्या ते मला ठाऊक असतं तर लिहिलं असतं, पण भरल्या असणार.

सरांना काय सांगायचं? 'मला थर्ड रेडला पाठवू नका' हे सांगू नकोस. एकदा तो दरवाजा लावलास की उघडायला वर्षं लागतात, आणि सरही मग तो उघडत नाहीत, त्यांना दुसरी मिळालेली असते. पण एक रास्त मागणी कर: 'सर, बाकावरून उठल्यावर शक्य असेल तर मला आधी एक साधी चढाई द्या, पाय गरम होऊ देत.' हे रडगाणं नाही, हा डावपेच आहे, आणि समजूतदार प्रशिक्षक तो लगेच ओळखतो. प्रत्येक वेळी जमणार नाही. त्या दिवशी जमण्यासारखं नव्हतंच. ते बोलले नाहीत त्याचं तुला लागलंय. शक्यता अशी आहे की त्यांनाही झोप नाही. त्यांनी बाकावरून थेट उठवून तुला पाठवलं, हे त्यांच्याही वहीत असेल. तू आधी बोल. सराव सुरू व्हायच्या आधी अर्धा तास जा, वाट्या नाहीतर चपला मांड आणि म्हण, 'सर, ती रेड बघू या का?' माझा अंदाज, ते खाली बसतील.

रात्री तीनची जाग. पहिले काही दिवस हे व्हायचंच. शिट्टी ऐकू आली की उठून पाणी पी आणि ती रेड पुढे चालव: शिट्टी वाजली, मी बाहेर आले, सामना संपला, हात मिळवले, बूट काढले, घरी आले, जेवले. तुझं मन शिट्टीपाशीच परत परत येतंय, त्याला घरापर्यंत आणून सोड. पण जेवण तुटलं, अभ्यासातून मन उडालं, झोप दोन-तीन आठवड्यांतही जागेवर आली नाही, तर आईला सांगून डॉक्टरांकडे जा. गुडघा दुखावला तर जातेस ना, तसंच.

चाचणीबद्दल खोटा दिलासा देत नाही. तीन आठवडे थोडे आहेत. निवड होईल न होईल. निवड समितीच्या डोक्यात काय असतं हे मला तीस वर्षांत कळलेलं नाही. पण तिथे प्रत्येकीला मोजक्याच चढाया मिळतात, आणि मधला बराचसा वेळ मैदानाबाहेर उभं राहण्यात जातो. तू त्या वेळात काय करतेस ते कुणी बघत नसेल. तुला आता माहीत आहे.

व्हिडिओ बघून झाल्यावर मला एक गोष्ट कळव. तू उजव्या हाताच्या कॉर्नरवर गेलीस, ती पुढे आली, हे तू लिहिलंयस. त्या वेळी डाव्या हाताची कॉर्नर कुठे उभी होती?

– ताई